ताईचं यवतमाळ

आमच्या घरात यवतमाळचा विषय निघाला की बाबा बसल्या जागी सरळ व्हायचे. ते कळंबला शाळेत मास्तर होते. तरुणपणी थोडी वर्षं ते यवतमाळला शिकायला राहिले होते, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या थोड्या वर्षांच्या आठवणीवर काढलं. गावाभोवती सागाच्या टेकड्या, उन्हाळ्यातही संध्याकाळी लागणारा गार वारा, वाचनालयातली व्याख्यानं, गणपतीतली गाणी, ज्याच्या त्याच्या तोंडी नाटकातली पदं. बाबा हे सांगत बसले की आई चुलीपाशी हसायची आणि म्हणायची, इतकं चांगलं होतं तर कळंबाले कायले आले? वडील वारले म्हणून शिक्षण अर्धवट टाकून बाबांना परत यावं लागलं होतं, हे आईलाही ठाऊक होतं.

ताईनं हे सगळं लहानपणापासून ऐकलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. अभ्यासात पहिली आणि गळाही गोड. पुढे यवतमाळला कॉलेज निघालं तेव्हा बाबांनी ती बातमी घरात अशी सांगितली, जणू ते कॉलेज ताईसाठीच काढलं आहे. ताईनंही ते तसंच घेतलं. कपडे धुताना, निवडटिपण करताना ती मला तिथं राहायला गेल्यावर काय काय करायचं ते सांगायची. सकाळी कॉलेज, दुपारी वाचनालय, संध्याकाळी टेकडीवर फिरायला जायचं, आणि संमेलनात गायचं. मी तोपर्यंत यवतमाळ पाहिलं नव्हतं. पण ताईच्या बोलण्यातून मला तिथले रस्तेसुद्धा पाठ झाले होते.

आमच्या आळीतून मॅट्रिकला बसलेली ती पहिलीच मुलगी. परीक्षा संपली आणि तिला ताप आला. मुदतीचा ताप. भर उन्हाळ्यात आई तिच्या कपाळावरची ओली घडी बदलत बसायची. मधले काही दिवस ताई कोणाला ओळखत नव्हती. तेव्हा आईनं गावातल्या चिंतामणी गणपतीला नवस केला, आणि ताप हळूहळू उतरायला लागला.

निकाल लागला त्या दिवशी बाबा बस स्टँडवरून पेपर घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. खाटेशी उभं राहून त्यांनी सांगितलं की ती पास झाली, आणि चांगल्या मार्कांनी झाली. ताई हसली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, तिला समजलं. ती नुसता बाबांचा चेहरा पाहून हसली होती.

थोड्या दिवसांनी ती उठून बसायला लागली, आणि एका सकाळी तिनं आईला विचारलं, "तुम्ही सगळे इतक्या हळू काहून बोलून राह्यले? मी बरी झाली न आता."

हे ती इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारची बाई दाराशी आली. आई ताईशी बोलत राहिली, आवाज चढवत राहिली, आणि ताई आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. तिला कळलं ते आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं असेल.

बाबा तिला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापात कानाची नस गेली, ती परत येत नाही. बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, मुलगी वाचली यातच समाधान माना. आईनं मानलं. बाबांनी नाही मानलं.

आम्ही तिच्याशी समोर तोंड धरून सावकाश बोलायला शिकलो. ओठांवरून जे कळायचं नाही ते मी तिच्या तळहातावर बोटानं लिहायचे. ती स्वतः सगळं बोलायची, पण आवाज किती झाला याचा तिला अंदाज राहिला नव्हता. एकदा दिवेलागणीला तिनं सवयीनं नेहमीचं पद म्हणायला घेतलं. सूर कुठल्या कुठे गेला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. ताईनं आईकडे पाहिलं आणि ओळ अर्धी सोडली. त्यानंतर ती कधी गायली नाही.

त्या वर्षीचा प्रवेश तर गेलाच होता. पण बाबांच्या मनातून यवतमाळ जात नव्हतं. ते म्हणायचे, कान गेले, डोकं तर जागेवर आहे, पुस्तकं वाचायला कान कशाला लागतात? हिवाळ्यात कॉलेजचं स्नेहसंमेलन असतं, त्याच दिवसांत जाऊन प्राचार्यांना प्रत्यक्ष भेटावं, पोरीला त्यांच्यापुढे उभं करावं, असं त्यांनी ठरवलं. यवतमाळला माझी आत्या राहायची, बाबांची मोठी बहीण. तिच्याकडे उतरायचं होतं. ताईशी बोलायला कोणी हवं म्हणून मलाही घेतलं.

जाताना ताई खिडकीशी बसली. कळंब मागे पडलं, तुरीची शेतं, वेचणीला आलेला कापूस मागे पडला, आणि रस्ता चढाला लागला तशी दोन्ही बाजूंना झाडी सुरू झाली. सागाची पानं वाळून तांबूस झाली होती. मोठाल्या पानांचा थर जमिनीवर पडला होता. ताई मला एकेक झाड दाखवून त्याचं नाव सांगत होती. हा धावडा, हा मोह, ती चारोळी. तिचा आवाज गाडीभर जात होता आणि लोक वळून वळून पाहत होते. मी तिच्या हातावर 'हळू' असं लिहिलं. ती कुजबुजल्यासारखी बोलली, आणि थोड्या वेळानं आनंदाच्या भरात पुन्हा विसरली. बाबांनी मला खुणेनं सांगितलं, राहू दे. तापानंतर तिला इतकं खुशीत आम्ही पाहिलं नव्हतं.

गाव बाबांनी सांगितलं होतं तसंच होतं. मोठे मोठे वृक्ष, स्वच्छ रस्ते, कुठंही उभं राहिलं तरी घरांच्या मागे टेकडीची कड दिसायची. कॉलेजातली मुलं सायकलींवरून चालली होती. भिंतींवर नाटकाच्या जाहिराती होत्या. ताई प्रत्येक जाहिरातीपुढे थांबून ती पुरी वाचायची.

आत्यानं आमचं आगतस्वागत चांगलं केलं. जेवायला बसवलं, ताईच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. जेवणं झाल्यावर मात्र ती बाबांना म्हणाली की कॉलेजचं वेड डोक्यातून काढ. तिच्या सासरच्या नात्यात महागावला एक माणूस होता. कापसाची अडत होती त्याची. बायको गेली होती, पाठीमागे दोन लहान मुलं होती. मुलगी बहिरी आहे हे आत्यानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याची हरकत नव्हती. बाबा ताईकडे पाहून घुटमळले.

"अरे, तिले काही ऐकू थोडंच येते," आत्या म्हणाली. "बोल मोकळं."

ताई आमच्यासमोरच बसली होती. आत्याच्या तोंडाकडे पाहत होती, मग बाबांच्या, मग पुन्हा आत्याच्या. नंतर आम्ही दोघी अंगणात बसलो तेव्हा तिनं हात पुढे केला आणि विचारलं, काय म्हणत होती? मी सगळं लिहून सांगितलं. काही गाळलं नाही. मुलं दोन आहेत, हे मला दोनदा लिहावं लागलं. तिनं हात मागे घेतला आणि एवढंच म्हणाली, उद्या प्राचार्य काय म्हणतात ते पाहू.

प्राचार्य भले गृहस्थ होते. आम्हाला त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, बाबांचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक पुस्तक काढून त्यातलं एक पान ताईपुढे धरलं, वाचून काय समजलं ते लिहायला सांगितलं. हे त्यांनी हातानंच दाखवलं. ताईनं वाचलं आणि भराभर लिहिलं. तिचं अक्षर फार सुरेख होतं. प्राचार्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद टेबलावर ठेवला.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण मास्तर, प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात. वर्गात शंभर मुलं असतात. तिला बसून काय मिळणार? आणि मुलं हसतील. आज मी त्यांना थांबवीन, रोज कोण थांबवणार?"

बाबांनी सांगितलं की हिची धाकटी बहीण हिच्याशेजारी बसवतो, ती लिहून देईल. मी तेव्हा नववीत होते. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, हिचं मॅट्रिक होऊन ही इथं आली की तेव्हा बघू. तोवर मोठीला घरी वाचू द्या, पुस्तकं लागतील तर मी देत जाईन.

ताईनं बाबांना विचारलं, काय म्हणाले? बाबा तोंड तिच्यासमोर धरून सावकाश म्हणाले, "बघू म्हणाले." ताईनं माझ्यापुढे हात केला. मी 'नाही' असं लिहिलं. बाबा पाहत होते, त्यांनी मला अडवलं नाही.

ताई उठली. प्राचार्यांना नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणाली, "मले एक वर्ग पाहू द्याल का?"

शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून पाहिलं. प्राचार्य स्वतः उठले. संमेलनाचे दिवस असल्यामुळे वर्ग रिकामे होते. त्यांनी एक दार उघडलं आणि ताई पुढच्याच बाकावर जाऊन बसली. फळ्यावर अर्धं पुसलेलं काहीतरी होतं. ती त्याच्याकडे पाहत बसली. आम्ही तिघं दारात उभे होतो. प्राचार्य घड्याळाकडे पाहत नव्हते, पण त्यांना काम असणार हे बाबांना कळत होतं. शेवटी बाबांनीच आत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला.

दुपारी संमेलनाचा कार्यक्रम होता. आत्याच्या शेजारी राहणाऱ्या प्राध्यापकांनी आम्हाला यायला सांगितलं होतं. बाबांना वाटलं आता घरीच थांबावं, पण ताई म्हणाली, आलो तर पाहून जाऊ. तिनं आत्याच्या आरशात पाहून वेणी पुन्हा घातली.

मांडव कॉलेजच्या पटांगणात घातला होता. बायकांच्या बाजूला आम्ही आत्याबरोबर बसलो, बाबा पलीकडे. आधी गाणी झाली. ताई गाणाऱ्या मुलीकडे टक लावून पाहत होती. इतर टाळ्या वाजवायला लागले की तीही वाजवायची. कोणतं पद होतं, तिनं मला विचारलं. मी लिहिलं. ते तिला येणारं होतं. तिनं मान हलवली.

मग मुलांनी एक छोटं नाटक केलं. मी जमेल तसं तिच्या हातावर लिहीत होते, पण बोलणं भराभर पुढे जायचं आणि मी मागे राहायचे. शेवटी लेक घर सोडून जाते असा प्रवेश होता. लेकीचं काम करणारी मुलगी आईपुढे खाली मान घालून रडत होती. सारा मांडव गप्प झाला होता. माझंही लक्ष तिकडेच लागलं, माझं बोट थांबलं.

"ती काहून रडून राह्यली?" ताईनं विचारलं.

तिचा आवाज मांडवाच्या पार शेवटपर्यंत गेला. मग मागच्या बाजूची मुलं हसली आणि त्यांच्याबरोबर सगळा मांडव हसायला लागला. स्टेजवरच्या मुलीलाही हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. ताईनं पाहिलं की सगळे हसताहेत. तिला वाटलं नाटकात काही गमतीचं झालं. तीही हसली. हसत हसत तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. सगळी तोंडं स्टेजकडे नव्हती, तिच्याकडे होती.

आत्यानं तिचा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. बाबा पलीकडून आले. घरी आल्यावर ताईनं विचारलं, मी मोठ्यानं बोलली का? मी मान हलवली. ती आत जाऊन आत्याबरोबर भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी बाबांनी आम्हा दोघींना लोहारा गावाकडच्या टेकडीवर नेलं. कॉलेज जमलं नाही, नाटकाचं असं झालं, निदान एवढं तरी दाखवावं असं त्यांच्या मनात असेल. तरुणपणी ते तिथं रोज फिरायला जायचे. वर चढून गेलं की एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला निळसर डोंगर एकामागे एक दिसत होते. उतारावर बोरीची झुडपं होती. ताईनं ओंजळभर बोरं तोडली, बाबांना दिली, मला दिली. आम्ही दगडावर बसून ती खाल्ली. वारा फार गार होता.

बाबा बोलायला लागले. मला म्हणाले, तिले सांग, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. तुझं मॅट्रिक होऊ दे, मग दोघी या. मी लिहायला लागले. ताईनं अर्ध्यातच मूठ मिटली.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी ती जपून, अगदी हळू बोलली, "हे गाव तुमचं आहे. मी पाहून घेतलं. आत्याले हो म्हणा."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. ते काही म्हणाले असते तर ते मला लिहावं लागलं असतं. ताईनं उरलेली बोरं पदरात बांधली आणि उठून उभी राहिली. उतरताना बाबांचा पाय एकदा घसरला तेव्हा तिनंच त्यांना धरलं. तिला तसं म्हणायला कोणी भाग पाडलं नव्हतं, असं बाबा पुढे आईला पुष्कळदा सांगत. आई म्हणायची, व्हय, मले माहीत आहे.

मुलीला पाहायला महागावची मंडळी कळंबला आली. ताईनं पोहे दिले, नमस्कार केला. नवऱ्या मुलाच्या आईनं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या आईला म्हणाली, ऐकू येत नाही ते एका परीनं बरं, उलटून बोलणार नाही. आई हसली, कारण दुसरं काय करणार. उन्हाळ्यात लग्न झालं.

नवरा वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. मारझोड नाही, दारू नाही. पण तो दिवसभर बाजारात असायचा आणि घरात कोणाला ताईशी समोर तोंड धरून सावकाश बोलायला वेळ नव्हता. काम सांगायचं तर भांडं दाखवायचं, पीठ दाखवायचं. मुलं पदर ओढायची. तिच्या मोठ्या आवाजाची सासूला चीड होती. बोलायला लागली की सासू तोंडावर बोट ठेवायची. ताईनं आवाज इतका खाली नेला की मी पहिल्या दिवाळीला गेले तेव्हा तिचं बोलणं ऐकायला मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. शब्दांच्या कडाही झिजत चालल्या होत्या.

तिला मुलगी झाली. बाळ रडलं तरी आईला कळायचं नाही, म्हणून सासूनं ते आपल्या अंथरुणात घेतलं. पाजायच्या वेळेपुरतं ताईकडे यायचं, पोट भरलं की परत जायचं. मूल सासूलाच आई म्हणायला लागलं. यात सासूचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. बाळाला कोणीतरी ऐकायला हवंच होतं.

मी मॅट्रिक झाले आणि यवतमाळला कॉलेजात गेले. बाबांनी मला कळंबच्या स्टँडवर गाडीत बसवलं, ते यवतमाळपर्यंत आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत. मी आत्याकडे राहिले. वाचनालयात गेले, व्याख्यानं ऐकली, मैत्रिणींबरोबर टेकड्यांवर फिरले. लोक म्हणतात तितकं ते गाव सुंदर आहे. मला तिथं सुख लागलं नाही. वर्गात प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि मला शब्दन् शब्द ऐकू यायचा.

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत मी महागावला गेले. ताई मागच्या अंगणात म्हशीला वैरण घालत होती. दोघी ओट्यावर बसलो. मी तिला कॉलेजचं सांगायला लागले. ती थोडा वेळ माझ्या ओठांकडे पाहत होती, मग तिची नजर दुसरीकडे गेली. मी तिचा हात हातात घेतला. तळहात शेणानं, कामानं इतका राठ झाला होता की लिहिलेलं तिला कळेना. मी अक्षर पुन्हा काढलं, मोठं काढलं. ती कंटाळली. मी तोंड समोर नेऊन म्हटलं, एक दिवस माझ्याबरोबर यवतमाळला चल, आत्याकडे राहू, टेकडीवर जाऊ.

ते तिला समजलं.

"कायले?" ती म्हणाली.

तिनं ते रागानं म्हटलं नाही. खरंच विचारलं. ती उठून घागर घेऊन विहिरीकडे गेली, आणि मी संध्याकाळच्या आधी निघणाऱ्या गाडीनं परत आले.